हंस पॅगोड्याच्या दारातली दोन शिळा

चीनमधल्या शिआन शहरात येणारे बहुतेक जण मातीचे सैनिक पाहायला येतात. मला ओढ होती ती हंस पॅगोड्याच्या दारातल्या दोन शिलालेखांची. ह्युएन त्संगने भारतातून नेलेल्या ६५७ ग्रंथांच्या जतनासाठी ६५२ साली हा विटांचा मनोरा बांधायला घेतला. महाराष्ट्रातली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतल्यावाचून राहत नाहीत, असं पुलकेशीच्या राज्यात फिरून लिहून ठेवणारा भिक्षू तो हाच. चीनच्या तांग घराण्यातल्या सम्राट ताइझोंगने त्याच्या भाषांतरांना प्रस्तावना लिहिली आणि युवराजाने तिला पुरवणी जोडली. हे दोन्ही मजकूर ६५३ साली नामवंत सुलेखनकार चू स्वेलिआंगच्या हस्ताक्षरात दगडावर उतरले.

दक्षिणेच्या दाराच्या दोन्ही बाजूंना कोनाडे आहेत. डावीकडे प्रस्तावना, उजवीकडे पुरवणी. चिनी ओळी उभ्या असतात आणि उजवीकडून डावीकडे सरकतात. प्रस्तावना तशीच आहे, पण पुरवणी मात्र उलट, डावीकडून उजवीकडे लिहिली आहे. त्यामुळे दोन्ही लेख दारापाशी सुरू होतात आणि बाहेरच्या बाजूला पसरत जातात. वास्तूचा एवढा विचार करून मांडलेला लेख मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

कोनाड्यात उजेड बेताचाच, म्हणून या लेखांच्या कागदी ठशांचं पुस्तक सोबत ठेवलं होतं. शैली खाइशू, म्हणजे प्रत्येक रेघ सुटी आणि स्पष्ट काढायची. या शैलीतल्या सुलेखनकारांत ओयांग शुनचा बांधेसूदपणा आणि यान झेनछिंगचा भारदस्तपणा यांचं कौतुक फार होतं. त्यांच्या शेजारी चूची रेघ बारीक दिसते, आणि तिला नाजूक म्हणून बाजूला सारणारेही भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. ‘झ’ (之) हे अक्षर मजकुरात पुन्हा पुन्हा येतं. त्याची शेवटची तिरकी रेघ नीट पाहा. कुंचला आधी हलका टेकतो, रेघ बारीक होत पुढे जाते, मध्ये किंचित वर उचलल्यासारखी होते, मग टोकाशी दाब वाढतो आणि ती रुंद होऊन सुटते. वेताची कांब वाकवून सोडावी तसा ताण तिच्यात आहे. आडव्या रेघाही सरळसोट नाहीत. त्या मधे बारीक होतात, कुठे हलक्याशा वर चढतात. खाइशूच्या आधीच्या लीशू या लेखनशैलीचं वळण त्यांत अजून जाणवतं. ही ताकद जाडीतून येत नाही, दाब कमी-जास्त करणाऱ्या मनगटातून येते.

याचं निम्मं श्रेय वान वेनशाओ या कोरक्याचं आहे. केसाएवढी बारीक रेघ दगडात कोरताना छिन्नी जरा जास्त गेली की सगळा ताण संपला. त्याने कुंचल्याचा प्रत्येक चढउतार राखला. लेखाच्या शेवटी त्याचं नाव आहे, ते आवर्जून वाचावं.

अक्षरांभोवतीची मोकळी जागाही तितकीच बोलकी आहे. ओळी दाटीवाटीने उभ्या नाहीत; बारीक रेघेला जितकी हवा लागते तितकी चूने दिलेली आहे.

हा लेख लिहिताना चू दरबारात मोठ्या पदावर होता. दोनच वर्षांनी सम्राटाच्या अंतःपुरातल्या वू झेतियानला सम्राज्ञी करण्याला त्याने उघड विरोध केला आणि त्याची रवानगी दूर दक्षिणेला झाली. ६५८ साली आजच्या व्हिएतनामच्या भागात तो वारला.

शिआनमध्ये आणखी वेळ असेल तर ‘पेइलिन’ शिलालेख संग्रहालयात जा. हीच प्रस्तावना तिथे ६७२ सालच्या एका शिळेवर आहे. हुआइरेन नावाच्या भिक्षूने जुन्या काळातला थोर सुलेखनकार वांग शीझी याच्या हस्ताक्षरातली अक्षरं वेचून जुळवली आणि ती कोरून घेतली. वांगचं नाव मोठं, अक्षरंही देखणी, पण ती वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेली आहेत. चूच्या शिळांवर एक हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालत राहतो. मला पुन्हा पाहायला मिळाल्या तर मी आधी चूच्या शिळांकडेच जाईन.