आमच्याच नावाचं खोटं कार्ड

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी नौपाड्यातल्या आमच्या डेस्कवर खारेगावातून फोन आला. "ताई, कळव्यात मुलं पळवणारी टोळी पकडली म्हणे. तुमच्याच पेपरात आलंय. पोरीला शाळेतून आत्ताच आणू का?" बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता. सकाळची शाळा साडेबाराला सुटते, म्हणजे हातात ऐंशी मिनिटं होती. अशी बातमी आम्ही दिल्याचं मला तरी ठाऊक नव्हतं.

कार्ड आलं. ते मोबाइलवर फिरवायचं बातमीचं चित्र होतं: वर आमच्या पेपरचं नाव, खाली लाल पट्टी, त्याखाली फरशीवर दाटीवाटीने बसलेल्या मुलांचा फोटो. मजकूर असा: "कळव्यात मुले पळवणार्या टोळीला अटक, १२ मुलांची सुटका, टोळीतील २० जण अजून मोकाट." दहा मिनिटांत ऐरोलीहून दुसरं कार्ड आलं. सगळं तेच, फक्त कळव्याच्या जागी दिघा.

अशा वेळी पहिला संशय स्वतःवर घ्यायचा. "कार्ड आमचं नाही" असं घाईने सांगून टाकलं आणि नंतर रात्रपाळीतल्या कुणीतरी ते टाकून मग काढलं असल्याचं निघालं, तर पुढची दोन वर्षं आपल्या खुलाशाला किंमत राहत नाही. म्हणून आधी वेबसाइटच्या यंत्रणेतली नोंद उघडली, काढून टाकलेल्या बातम्यांसकट. मग ग्राफिक्सचं सामाईक फोल्डर, फेसबुक-इन्स्टाग्रामवर वेळ लावून ठेवलेल्या पोस्ट, व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल आणि शेवटी यूट्यूब. यात नऊ मिनिटं गेली. बाहेर फोन वाजत असताना ती फार जड जातात, पण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं असतं.

दरम्यान, कार्ड पाठवणाऱ्या प्रत्येकाला एकच विनंती केली होती: स्क्रीनशॉट नको, मूळ मेसेजच पुढे पाठवा आणि तुमच्या ग्रुपवर तो किती वाजता आला ते सांगा. स्क्रीनशॉटमध्ये 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' ही दुहेरी बाणाची खूण बहुधा कापली जाते. वेळा जुळवत मागे गेलो तर सर्वांत जुनी प्रत शाळेच्या व्हॅनचालकांच्या ग्रुपवर आठ बावन्नला आलेली निघाली. त्यामागे आम्हाला जाता येत नाही, कारण संदेश कूटबद्ध असतात, पाठवणारा आणि घेणारा यांनाच ते वाचता येतात. फाइलच्या नावात 'आयएमजी', पुढे तारीख आणि 'डब्ल्यूए' असं दिसतं. ती तारीख फोटो काढल्याची नसते, त्या फोनवर फाइल आल्याची असते. नवे बातमीदार इथे हमखास फसतात. फोटो कुठे, कधी, कुठल्या कॅमेऱ्याने काढला ही आतली माहिती व्हॉट्सअ‍ॅपवरून येताना गळून पडते. फोटोत कुठे जोडकाम झालंय ते रंगांच्या ठिपक्यांत दाखवणारी साधनंही इतक्या वेळा दाबून लहान केलेल्या फाइलवर काहीही दाखवतात. त्यांच्यावर विसंबू नये.

कार्ड आमचं नाही, हे आमच्या मुद्रितशोधकाने मात्र चष्मा वर करून दोन मिनिटांत सांगितलं. 'पळवणार्या' असं आमच्याकडून जाणारच नाही, आम्ही 'पळवणाऱ्या' लिहितो. तो अर्धा र टाइप करताना वेगळी कळ लागते. ती ठाऊक नसली की र डोक्यावर चढतो आणि शब्द 'आचार्य'सारखा वाचावा लागतो. दुसरी खूण 'ल' आणि 'श' यांची. मराठी ल दोन पाकळ्यांचा, मराठी श देठाचा. कार्डावर दोन्ही अक्षरं हिंदी वळणाची होती. बहुतेक मोबाइल फॉन्ट मुळात हिंदी वळणच दाखवतात, मराठी रूप मुद्दाम निवडावं लागतं. आमचा साचा ते निवडूनच बनवलेला आहे. हा पुरावा आमच्यासाठी पक्का होता, वाचकांसाठी नव्हे. घाबरलेल्या आईला पाकळीचा ल दाखवून काय उपयोग?

मग फोटो. संपूर्ण कार्ड शोधायला टाकलं की शोधयंत्र आधी त्यावरचा मजकूर वाचतं आणि आपल्याला बातम्यांच्या मागे धाडतं. म्हणून अक्षरं आणि पट्टी कापून फक्त मुलं ठेवली. गूगल लेन्स, यांडेक्स, टिनआय, फोटोवरून शोध घेणाऱ्या या तिन्हींत काही नाही. तेव्हा ग्राफिक्सवाल्या पोराने पडद्यावर बोट ठेवलं: "मॅडम, सगळ्यांचे खिसे उजवीकडे आहेत." शर्टाचा खिसा डाव्या छातीवर असतो. एखाद्याचा उजवीकडे असेल, सात मुलांचा नसतो. फोटो आरशासारखा उलटा केलेला होता. शोधात सापडू नये म्हणून हे करतात. आम्ही तो सुलटा करून टाकला आणि तिसऱ्या ओळीत मूळ बातमी आली: दुसऱ्या राज्यातल्या एका रेल्वे स्टेशनवर बालमजुरांची सुटका, काही वर्षांपूर्वीची. मागच्या भिंतीवरची उलटी नक्षी वाटत होती ती चक्क एक पाटी होती.

ही युक्ती नवी नाही. २०१८ साली देशभर फिरलेला, मोटारसायकलवरून मूल उचलून नेणारा व्हिडिओ कराचीतल्या एका संस्थेच्या जनजागृतीपटाचा तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढाच शेवट कापून टाकला होता. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी मुलं पळवणारे समजून ठेचून मारले गेले. मुलांचं कार्ड डेस्कवर आलं की आमच्या मनात सगळ्यात आधी राईनपाडा येतो. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. २०२० पासून अनेकदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. अफवेचा वेग त्याने कमी झाला, पण ती थांबली नाही.

आता पोलिस. इथे भूगोल आडवा येतो. कळवा ठाणे आयुक्तालयात, दिघा नवी मुंबई आयुक्तालयात, म्हणजे नियंत्रण कक्ष दोन, अधिकारी दोन. प्रश्नही नेमका हवा. "टोळी पकडली हे खरं का?" असं विचारलं तर "अफवा आहे हो" एवढंच मिळतं. आमचा क्राइम रिपोर्टर विचारत होता: कालपासून आत्तापर्यंत अल्पवयीन मूल हरवल्याचे किंवा अपहरणाचे गुन्हे किती? कुणाला ताब्यात घेतलंय का? किती मुलं बाल कल्याण समितीपुढे नेली? नवी मुंबईचं उत्तर लगेच आलं: काही नाही. कळव्याचे साहेब बंदोबस्तात होते, फोन लागेना. ठाण्याच्या नियंत्रण कक्षाने सांगितलं, तसं काही नाही.

आणि इथे आम्ही चुकलो. पावणेबाराला बातमी टाकली, तीत वाक्य होतं: "अपहरणाचा कोणताही गुन्हा नोंद नाही." सात मिनिटांनी कळव्याच्या साहेबांचा फोन आला. आदल्या रात्री अपहरणाचा एक गुन्हा दाखल झाला होता. घरी भांडण करून निघून गेलेला मुलगा. स्टेशनवरच्या सीसीटीव्हीत तो एकटाच फलाटावर जाताना दिसत होता.

हे समजून घेण्यासारखं आहे, कारण ठाणे असो की नाशिक, इथेच घोळ होतो. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की ती अपहरण किंवा मानवी तस्करीचा गुन्हा समजूनच नोंदवायची. म्हणून परीक्षेला घाबरून मामाकडे गेलेला मुलगा कागदावर अज्ञाताविरुद्ध अपहरणाचा गुन्हा होतो. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३६३, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १३७. नियम चांगलाच आहे, त्यामुळे शोध लगेच सुरू होतो. पण वर्षाचा आकडा निघतो तेव्हा तो 'इतकी मुलं पळवली' असा वाचला जातो, आणि अफवेला लागणारा खरेपणाचा चिमूटभर मीठमसाला त्यातूनच मिळतो. त्या मुलाच्या गल्लीत रात्री पोलिस येऊन गेलेले शेजाऱ्यांनी पाहिले होते. त्यांच्या दृष्टीने आम्ही खोटं बोलत होतो.

वाक्य बदललं, पण गुपचूप नाही. बातमीच्या डोक्यावर वेळेसह ओळ टाकली: आधीच्या मजकुरात गुन्हा नोंद नाही असं म्हटलं होतं, ते चूक होतं, एक गुन्हा नोंद आहे, त्याचा टोळीशी संबंध आढळलेला नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ मुळे मुलाची ओळख पटेल असं काहीही देता येत नाही, म्हणून परिसर, शाळा, वय सगळं गाळलं. दुपारी आमच्या पहिल्या मजकुराचा स्क्रीनशॉट "पेपर लपवतोय" या ओळीसह फिरू लागला, तेव्हा ती दुरुस्तीची ओळच कामी आली. ती नसती तर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आणखी एक अडचण आपल्या भाषेची आहे. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. आमचं पहिलं शीर्षक होतं, "कळव्यात मुले पळवणारी टोळी पकडल्याची बातमी खोटी". मोबाइलच्या पडद्यावर सूचना आली ती "कळव्यात मुले पळवणारी टोळी पकडल्याची…" इथेच तुटली. म्हणजे अफवा आम्हीच आमच्या नावाने हजारो फोनवर वाजवली! तीन मिनिटांत दुसरी पाठवली: "खोटं कार्ड: कळव्यात टोळी पकडलेली नाही". खोटं, अफवा, चूक यांतला शब्द पहिला हवा. तसंच खोट्या कार्डाच्या कोपऱ्यात छोटा शिक्का मारू नये, लोक कोपरा कापून पुन्हा फिरवतात. शिक्का मुलांच्या चेहऱ्यांवरून आणि मजकुरावरून तिरपा, आरपार गेला पाहिजे. त्याने मुलांचे चेहरेही झाकले जातात.

ज्यांना वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी अडतीस सेकंदांचा आवाजी संदेश केला, मराठीत एक आणि मुंब्रा-दिव्यासाठी हिंदीत एक. सुरुवातीलाच तारीख आणि वेळ बोलून दाखवली, कारण असा संदेश चार महिन्यांनी पुन्हा उगवतो. तो फॉरवर्ड करायचा नाही, हे आधी ठरवलं. मर्यादेची कात्री खुलाशालाही लागते. म्हणून प्रत्येक बातमीदाराने तो आपापल्या फोनवरून नव्याने जोडून आपापल्या ग्रुपवर टाकला: रिक्षा स्टँड, सोसायट्या, गणेश मंडळं, आणि सगळ्यांत आधी तो व्हॅनचालकांचा ग्रुप.

बाराच्या सुमाराला आमची कळव्याची वार्ताहर नाक्याजवळच्या एका गल्लीत पोहोचली होती. तिथे भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या दोन बोहारणींना चाळीस-पन्नास जणांनी घेरलं होतं. एकीच्या बोचक्यात लहान मुलांचे कपडे निघाले, म्हणून. बोहारणीच्या बोचक्यात दुसरं काय निघणार? आमच्या वार्ताहराने ओळखपत्र दाखवलं, तर लोकांनी तिच्यासमोर आमचंच कार्ड धरलं. "तुमच्याच पेपरात आहे की!" तिने वेबसाइट उघडून दाखवली, तर एक जण म्हणाला, "आता काढून टाकली असेल." एखादी गोष्ट आपण छापलीच नाही, हे कसं दाखवणार? तेवढ्यात डेस्कवरून तिला खिशांचा निरोप गेला होता. ती म्हणाली, "दादा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्याच मोबाइलवर फोटो बोटांनी मोठा करा. खिसे कुठल्या बाजूला आहेत बघा. आता स्वतःच्या शर्टाकडे बघा." चार-पाच जणांनी पाहिलं. एकाने फोटो आडवा उलटवून भिंतीवरची पाटी वाचली आणि मोठ्याने स्टेशनचं नाव घेतलं. गर्दी पांगली नाही, पण मागे सरकली. ११२ वर फोन आधीच गेला होता. गाडी येईपर्यंतची सात-आठ मिनिटं त्या खिशांनी मिळवून दिली.

घरातून निघून गेलेला तो मुलगा दुसऱ्या दिवशी नातेवाइकांकडे सापडला. कार्ड कुणी बनवलं, ते आजवर कळलेलं नाही.

त्यानंतर आम्ही आमच्या प्रत्येक कार्डावर क्यूआर कोड टाकून पाहिला. चालला नाही. कार्ड ज्या फोनवर दिसतंय, त्याच फोनने ते कसं स्कॅन करणार? शिवाय कोड उचलून खोट्या कार्डावर चिकटवता येतो. आता प्रत्येक कार्डावर पाच आकडी क्रमांक असतो. वेबसाइटवर तो टाकला की मूळ कार्ड जसंच्या तसं उघडतं, शीर्षक आणि फोटोसह. क्रमांक चोरला तरी उघडलेलं कार्ड वेगळं दिसतं. बातमीच्या खाली 'हे आम्हाला कसं कळलं' असा तीन-चार ओळींचा मजकूरही देतो: कुणाला विचारलं, किती वाजता, काय अजून कळलेलं नाही. डेस्कवर यासाठी दर बातमीला दहा मिनिटं जास्त जातात, आणि ती द्यायलाच हवीत असं माझं ठाम मत आहे.

त्या दोघी बोहारणी चौथ्या दिवशी वार्ताहराला शोधत आल्या. गल्लीत कुणीतरी त्यांचं चित्रीकरण केलं होतं आणि ते आता "टोळीतल्या बायका" म्हणून फिरत होतं. ते काढून टाकता येईल का, हा त्यांचा प्रश्न. जिथे दिसलं तिथे आम्ही तक्रार केली, पण लोकांच्या फोनमध्ये उतरलेलं काही परत ओढता येत नाही. मग त्यांनी पेपरचं कात्रण मागितलं. दोघींना वाचता येत नाही. कुणी अडवलं तर दाखवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशीच्या ठाणे पानावर आम्ही खुलासा छापला होता, चार कॉलम, खाली डेस्कचा फोन नंबर. वार्ताहराने चार प्रती काढल्या आणि कळवा स्टेशनसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून दिल्या. त्या नंबरवर अजून अधूनमधून फोन येतो. पलीकडे गल्लीतला कुणीतरी असतो, "तुमचा पेपर दाखवतायत या दोघी, खरं आहे का?" आम्ही तारीख आणि पान सांगतो.