हा डोंगर कोणत्या गावाजवळ?

अचलपूरच्या उत्तरेला, मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत एक लहानसे वाचनालय आहे. कापसाची दुसरी वेचणी उरकली की संध्याकाळी तिथे सात-आठ जण जमतात. गेल्या दोन हिवाळ्यांत पुराणकथांवर आणि लोककथांवर बेतलेल्या अद्भुत कादंबऱ्याच सर्वाधिक फिरल्या, आणि नोंदवही माझ्याकडे असल्यामुळे पुस्तक परत करताना कोण काय म्हणतो, हे मला आपसूक ऐकायला मिळाले.

पुराणातील पात्रे घेऊन कादंबरी लिहिणे मराठीला नवे नाही. ‘ययाति’ १९५९ साली आली, ‘मृत्युंजय’ १९६७ साली. आमच्याकडे ‘मृत्युंजय’च्या प्रतीची बांधणी दोनदा करून घ्यावी लागली आहे. मात्र त्या कादंबऱ्यांचा ओढा माणसाच्या मनाकडे होता. २०१० साली इंग्रजीत आलेल्या आणि पुढे ‘मेलुहाचे मृत्युंजय’ या नावाने मराठीत उतरलेल्या कादंबरीत शंकर हा तिबेटमधील एका टोळीचा प्रमुख आहे, आणि त्याचे देवपण लोकांच्या श्रद्धेतून घडत जाते. त्यानंतर या धाटणीच्या पुस्तकांची रीघच लागली.

आमच्या निवृत्त गुरुजींना हे मुळीच रुचले नाही. महादेवाला माणूस करणे हा त्यांच्या मते लेखकाचा उद्धटपणा आहे. त्यांचे म्हणणे मी आदराने ऐकून घेतो, पण पटवून घेऊ शकत नाही. कारण त्यांच्याच अंगणात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते, आणि तिथल्या गाण्यांत पार्वती ही सासरला कंटाळलेली लेक आणि महादेव हा तिला घ्यायला येणारा भुलोजी असतो. देवाला जावई करून त्याची थट्टा करण्याची मुभा ज्या गावाने आपल्या पोरींना पिढ्यान्‌पिढ्या दिली, त्या गावाने कादंबरीकारावर रागावावे, हे काही जमत नाही. (गुरुजींना हे सांगितल्यावर ते हसले आणि खिरापतीचा विषय काढून मोकळे झाले.)

मला खरा विचारात पाडणारा आक्षेप वेगळाच निघाला. सत्तरी ओलांडलेल्या एका काकांनी एक जाडजूड पुस्तक तीन आठवडे ठेवून परत आणले आणि म्हणाले, “समदं वाचलं बाप्पा, पन थो डोंगर कोनत्या गावाजवळ हाये, थे तं यानं सांगतलंच नाही.” मी आधी हसलो. नंतर लक्षात आले की काकांनी आयुष्यभर जी अद्भुत कथा ऐकली, तिला नेहमी ठिकाण होते. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले ती कीचकदरा, म्हणजेच चिखलदरा. त्याने हात धुतले ते भीमकुंड. आणि पलीकडचे वैराट हे विराट राजाचे. महाभारतात कीचकाचा वध नर्तनशाळेत रात्री होतो, आणि विराटनगर जयपूरजवळच्या बैराटला असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात, हे काकांना ठाऊक नाही असे नाही. पण डोळ्यांसमोर दरी असताना जयपूरला कोण जातो?

लोणारचे तसेच. सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे ते विवर उल्कापाताने झाले, हे शाळेतले पोरही सांगते. लवणासुर तिथे जमिनीखाली दडला होता आणि विष्णूने त्याला ठार केले, हेही तेच पोर सांगते, आणि गावातले दैत्यसूदनाचे देऊळ दाखवते. २०२० च्या जूनमध्ये तिथले पाणी गुलाबी झाले तेव्हा क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे कारण सर्वांनी मान्य केले, तरी चावडीवर असुराच्या रक्ताची आठवण निघालीच. अशा वाचकासमोर ‘उत्तरेकडील धुक्याचे राज्य’ ठेवले, तर त्याला ते फिके वाटणारच. कल्पित प्रदेशाला माझा विरोध नाही. पण त्या प्रदेशातल्या नदीला पूर कधी येतो, तिथली माती काळी की तांबडी, हे लेखकाला माहीत असायला हवे. पुष्कळांना ते माहीत नसते, आणि ते चौथ्या पानावरच उघडे पडते.

वरच्या धारणी भागातील एका कोरकू तरुणाचे मत मला शहरी परीक्षणांपेक्षा मोलाचे वाटले. ‘रावणाची बाजू मांडणारी धाडसी कादंबरी’ असे मलपृष्ठावर छापलेले पुस्तक त्याने वाचले आणि शांतपणे विचारले, “यात धाडस काय आहे दादा?” त्याच्याकडे रावणाच्या मुलाची, मेघनाथाची पूजा होते. रावणाने महादेवाला विनवले की या डोंगरांत माणसे वसव, मग महादेवाने वारुळाच्या तांबड्या मातीच्या दोन बाहुल्या घडवल्या, इंद्राच्या घोड्यांनी त्या तुडवल्या, म्हणून महादेवाने राखणीला मातीचे कुत्रे केले आणि पुन्हा माणसे घडवली, अशी त्यांच्या उत्पत्तीची कथा सांगितली जाते. ज्याच्या घरी रावण हा विनवणी करणारा पूर्वज आहे, त्याला ‘खलनायकाची बाजू’ हे वाक्य कळणार तरी कसे?

बी.ए.ला असलेल्या एका मुलीने नायिकांबद्दल तक्रार केली. नव्या पुस्तकांतील प्रत्येक राजकन्या तलवार चालवते, पण निर्णय मात्र तिचे वडील किंवा प्रियकर घेतात, असे तिचे निरीक्षण. तिने उदाहरण दिले ते रुक्मिणीचे, आणि तिचे माहेर मानले जाणारे कौंडण्यपूर इथून फार लांब नाही म्हणून ते आम्हा सर्वांना लगेच भिडले. भागवतातील रुक्मिणी सात श्लोकांत निरोप पाठवते, लग्नाच्या आदल्या दिवशी गावाबाहेर गिरिजेच्या दर्शनाला येईन तेव्हा मला घेऊन जा, असा बेतही तीच कळवते. हाती शस्त्र नाही. ती मुलगी म्हणाली, की हा निरोप लिहिताना तिने किती मसुदे फाडले असतील, ते सांगणारी कादंबरी मला वाचायची आहे.

भाषेबद्दल एवढेच, की राक्षसापासून ऋषीपर्यंत सगळे एकाच संस्कृतप्रचुर बोलीत बोलतात आणि गावठी बोली फक्त द्वारपालाच्या वाट्याला येते, याची चीड आमच्याकडे सर्वांनाच आहे.

काकांनी परत केलेले ते जाडजूड पुस्तक परवा मी कपाटात लावताना चाळले. सुरुवातीच्या नकाशावर, जिथे त्या डोंगराचे नाव छापले आहे, तिथे त्यांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘वैराट?’ असे लिहून ठेवले आहे. वाचनालयाच्या नियमाप्रमाणे पुस्तकावर लिहिल्यास पाच रुपये दंड आहे. तो मी भरला, आणि अक्षर तसेच राहू दिले.