चार इंची पाइप

रविवारी दुपारी पार्किंगमध्ये मी चार इंची पीव्हीसी पाइप कापत बसलो होतो. दुसऱ्या मजल्यावरचे काका थांबले. "तुमचंही बाथरूम तुंबलं का?"

"नाही हो, गाडीला लावतोय."

त्यांनी पाइपकडे पाहिलं, माझ्या एक्सपल्स या अ‍ॅडव्हेंचर बाइककडे पाहिलं आणि पुढे काही न विचारता जिना चढले.

पाइप दीड फुटाचा. एका टोकाला सोल्युशन लावून कायमचं बसवलेलं बूच, दुसऱ्याला आट्यांचं झाकण. आत पाने, पक्कड, पंक्चरचं सामान, क्लचची जादा केबल. कॅरियरला डाव्या अंगाने दोन मोठ्या क्लिपा लावून आवळला. डावीकडेच, कारण उजवीकडे वर उचललेला सायलेन्सर आहे आणि पीव्हीसी 80 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. दोनशे रुपयांत काम झालं. हीच वस्तू 'अ‍ॅडव्हेंचर' लिहून काळ्या रंगात विकायला ठेवली की किमतीत एक शून्य वाढतं.

गाडी दोनशे सीसीची. पुढचं चाक 21 इंची, पोट जमिनीपासून 220 मिलिमीटर वर. लडाखला जायचं ठरून चार वर्षं झाली. तोवर ऑफिसला नेतो. पण रविवार आला की हात शिवशिवतात. गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम ऐकून असल्यामुळे इंजिन-सायलेन्सरच्या वाटेला जात नाही, बारीकसारीक चालतं. मागे साइड स्टँडच्या पायाला वेल्डिंगवाल्याकडून तळहाताएवढी लोखंडी चकती लावून घेतली, चिखलात रुतू नये म्हणून. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत. असो.

खरी अ‍ॅडव्हेंचर बाइक मी हा शब्द कानावर पडण्याच्या कितीतरी आधी पाहिली होती. आमच्या गावचा दूधवाला एम-80 या छोट्या दुचाकीवर यायचा. मागे लोखंडी चौकट, दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन, ते वाजू नयेत म्हणून मध्ये जुन्या टायरचे तुकडे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की तो पाय वर घ्यायचा आणि निघून जायचा. पलीकडच्या गावात पोरं चहाविना थांबलेली असायची.

वडिलांच्या राजदूतवर सुधारणा एकच होती: कॅरियरला गुंडाळलेली ट्यूबची पट्टी. पंक्चरवाल्याने टाकून दिलेल्या ट्यूबची कापलेली, दोन बोटं रुंद. तिने खताची पोती बांधली, गॅसचं सिलिंडर बांधलं, मामाच्या लग्नातली पितळी घंगाळं आणली. घाटात मला हटकून झोप लागायची. मग वडील गाडी कडेला घेत, ती पट्टी माझ्या पाठीमागून ओढून स्वतःच्या पोटावर गाठ मारत आणि पुन्हा किक मारत. रबराचा वास, त्यांचा ओला शर्ट, टू-स्ट्रोकचा फटफटाट. आज कुणी पोराला असं बांधून नेलं तर मीच आधी त्याला चार शब्द सुनावीन.

राजदूत विकली तेव्हा घेणाऱ्याला त्यांनी किल्ली दिली, आरसी बुक दिलं, हवेचा पंपसुद्धा दिला. पट्टी मात्र सोडून घेतली. तो म्हणाला, "राहू द्या की, अण्णा." हे काहीच बोलले नाहीत, गुंडाळी करून खिशात घातली.

आता ती माझ्याकडे आहे. रबर कडक झालंय, चिरा पडल्यात. ताणली तर तुटेल. काही बांधायच्या कामाची उरलेली नाही. तीही पाइपात ठेवली आहे.

पाने मात्र परवा काढून सीटखाली कोंबले. मंडईत गेलो होतो. शेवग्याच्या शेंगा त्यात न मोडता मावतात.