गॅदरिंगच्या सकाळची कवितेची फेरी

खानदेशातल्या आमच्या शाळेचं गॅदरिंग कपाशी वेचणीच्या दिवसांत यायचं. निम्मी पोरं शेतात असायची, त्यामुळे तालमी दिवेलागणीनंतर व्हायच्या. कोळी नाच, शिवाजी महाराजांवरची नाटिका, मिमिक्री हे सगळं इतर शाळांत असतं तसंच आमच्याकडेही असायचं. पण आमच्या गॅदरिंगला एक गोष्ट जास्तीची होती आणि माझ्या मनात आज तीच उरली आहे. गॅदरिंगच्या दिवशी सकाळी मराठीचे सर आम्हाला गावाबाहेर घेऊन जायचे. ज्या कवितेला जी जागा, तिथे उभं राहून ती कविता म्हणायची. याला आम्ही ‘कवितेची फेरी’ म्हणायचो.

सरांचं एक ठाम मत होतं. कवितेत गाव येतो तो फक्त वर्णनात येत नाही, कवितेच्या चालीतही येतो. हे वाक्य वर्गात सांगितलं असतं तर आम्ही वहीत उतरवून विसरलो असतो. सर ते विहिरीवर दाखवायचे.

पहिला मुक्काम मळ्यातल्या जुन्या विहिरीवर. आमच्या लहानपणीच तिथे विजेचा पंप बसला होता, पण मोटेची, म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायच्या चामडी पिशवीची, धाव (बैलांची उतरती वाट) शिल्लक होती आणि पाणी पडायचं दगडी थारोळंही होतं. मळ्याचे म्हातारे मालक दरवर्षी हौसेने मोट समजावून सांगायचे. बैल धावेवरून उतरले की नाडा, म्हणजे मोटेचा दोर, ताणला जातो, भरलेली मोट वर येते, तिची सोंड थारोळ्यात रिकामी होते आणि मग बैलांनी उलट्या पावलांनी पुन्हा वर यायचं. “मोट नुसती वढून जमत नही, सोडता बी येयाले पाह्यजे,” असं ते म्हणायचे. मग आमच्यातली एखादी मुलगी बहिणाबाई चौधरींची ‘मोट’ म्हणायची:

येहेरीत दोन मोटा
दोन्हीमधी पानी एक

दोन मोटा, पाणी एक. दोन बैल, ओढ एक. सगळी कविता अशीच ‘दोन’कडून ‘एक’कडे जाते, पुन्हा ‘दोन’वर येते, पुन्हा ‘एक’कडे जाते. सर आम्हाला जोडीजोडीने धावेवर चालायला लावायचे. ‘दोन’ म्हणताना खाली उतरायचं, ‘एक’ म्हणताना मागे यायचं. शेवटी ‘मोट हाकलतो एक, जीव पोसतो कितीक’ यायचं तेव्हा आमचे पाय त्या लयीत पुरते मुरलेले असायचे. त्या कवितेतलं तत्त्वज्ञान तेव्हा किती कळलं असेल देव जाणे, पण ती कुठून चालत आली हे पोटऱ्यांना कळलं होतं.

बहिणाबाईंचा जन्म 1880चा, जळगावला लागून असलेल्या असोद्याचा. सासर जळगाव. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, खळ्यावर काम करताना ओव्या सुचत गेल्या आणि मुलगा सोपानदेव व नात्यातल्या माणसांनी त्यातल्या काही उतरवून ठेवल्या. 1951 साली त्या गेल्या, 1952 साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने आणि प्रस्तावनेसह गाणी छापून आली. हे सगळं पाठ्यपुस्तकात होतंच. पण बोटांवर अक्षरं मोजायला सरांनी शिकवलं. ‘अरे खोप्यामधी खोपा’, आठ. ‘सुगरणीचा चांगला’, आठ. ‘मन वढाय वढाय’ मोजा, ‘उभ्या पिकातलं ढोर’ मोजा, आठच. जात्याचा खुंटा धरून एक फेरा घालताना श्वास जेवढा पुरतो, तेवढी ती ओळ. गॅदरिंगला एका वर्षी कुणाच्या तरी घरचं जातं स्टेजवर आणलं होतं. दोघीजणी खरोखर ज्वारी दळत होत्या आणि तिसरी माइकपाशी ‘घरोट’ (म्हणजे जातं) म्हणत होती. भोंग्यातून जात्याची घरघर गावभर ऐकू गेली. पुढे बसलेल्या बायाबापड्या आपोआप सूर धरून म्हणू लागल्या. मी पाहिलेला तो सर्वांत चांगला कार्यक्रम.

खोप्याची कविता विहिरीकाठच्या बाभळीखाली. सुगरण पक्षी पावसाळ्यात घरटी बांधतात, त्यामुळे हिवाळ्यात आम्ही जायचो तेव्हा खोपे रिकामे लोंबत असायचे. विहिरीच्या पाण्यावर झुकलेल्या फांदीच्या टोकाला, साप-मांजर पोचणार नाही अशा जागी. खाली पडलेला एखादा खोपा हातात घेऊन ती वीण बघितली की ‘तिची उलूशीच (एवढीशीच) चोच’ म्हणताना आवाज आपोआप हळू व्हायचा.

दुसरा मुक्काम टेकाडावर, आणि तिथे कवी बदलायचा. बालकवी. त्र्यंबक बापूजी ठोमरे, जन्म 1890, धरणगावचा. हाही खानदेशचाच. वडील पोलीस खात्यात. 1907 साली जळगावला जे पहिलं कविसंमेलन भरलं त्यात या सोळा-सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. सर हे सांगताना दरवर्षी भारावून जायचे. मंचावर जायला घाबरणाऱ्या आम्हा पोरांकडे बघून म्हणायचे, “त्यालाही कुणीतरी स्टेज दिलं होतं.” आणि त्याच जळगावजवळच्या भादली स्टेशनात 1918च्या मे महिन्यात रेल्वेखाली तो गेला, अठ्ठावीस वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच. एवढं सांगून ते थोडा वेळ काही बोलायचे नाहीत.

टेकाडावरून आमचं गाव दिसायचं, मळे दिसायचे, त्यातून गेलेली पाऊलवाट दिसायची. ‘औदुंबर’ तिथेच म्हणायची:

पायवाट पांढरी तयांतुनि अडवी तिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे

वाट पांढरी दिसते ती लांबून. जवळून ती मातकट असते, तिच्यावर शेण असतं, काटे असतात. म्हणजे हा कवी वर उभा आहे, बघतो आहे. मग सर बहिणाबाईंची ‘माहेरची वाट’ म्हणायला लावायचे. ‘लागे पायाला चटके, रस्ता तापीसनी लाल’. चैत्र-वैशाखाच्या उन्हात जळगावाहून असोद्याला निघालेली ती बाई वाट बघत नाही, वाटेवर पाय ठेवते. वाटेत लौकी नदी लागते. तिच्यात पाय पडला की शीण जातो, असं ती सांगते आणि लगेच हेही सांगते की तिला तापीसारखी थडी (काठ) नाही, थोडी थोडीच वाहते, पण पावसाळ्यात धडाधडा धावते. एका ओढ्याची अशी घरगुती, नेमकी ओळख मला मराठी कवितेत फार थोड्या ठिकाणी सापडली. भूमी एकच आणि वयात अंतर अवघं दहा वर्षांचं. एकीच्या तळपायाला ती कळली, दुसऱ्याच्या डोळ्यांना. आमच्याकडचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो. तो सोसलेल्या माणसालाच श्रावणातल्या हिरवळीचं एवढं वेड लागू शकतं, असं माझं मत आहे. बालकवींच्या हिरव्या रंगामागे खानदेशचा मे महिना आहे.

फेरी संपली की शेतातच भरीत. हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, मुसळीने ठेचायची, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. संध्याकाळी स्टेजवर तेच सगळे पुन्हा म्हणायचे, पण सकाळची धूळ पायांना असायची आणि कविता वेगळ्या आवाजात यायच्या. एका वर्षी सरांनी ‘रानातल्या कविता’ हे 1967 सालचं पुस्तक आणलं. ना. धों. महानोर अजिंठ्याच्या डोंगराकडच्या पळसखेड्याचे, स्वतः शेती करणारे. त्यांच्यावर सर फार बोलले नाहीत. “हा शेतकरी आहे आणि तरी बघणाराही आहे,” एवढंच म्हणून त्यांनी पुस्तक वर्गात फिरवलं.

आता आम्ही काही माजी विद्यार्थी पुण्यात असतो आणि दरवर्षी जानेवारीत एका सोसायटीच्या हॉलमध्ये जमतो. भरीत गॅसवर भाजतो. मुलांना आमच्या खानदेशी लेवा बोलीतले आणि शेतीतले शब्द समजावून सांगावे लागतात. नाडा, थारोळं, उपणणी (धान्य वाऱ्यावर पाखडणं). मला त्याचं वाईट वाटत नाही. मुलं विचारतात हे चांगलंच आहे. गेल्या जानेवारीत आठवीतल्या एका मुलीने विचारलं, “बालकवींच्या कवितेत शेतात माणसं का नाहीत?” हॉलमध्ये त्यावरून अर्धा-पाऊण तास वाद झाला. कुणी म्हणालं, लांबून माणसं दिसतच नाहीत. कुणी म्हणालं, औदुंबर स्वतःच माणूस आहे, पाण्यात पाय टाकून बसलेला. ती मुलगी म्हणाली, मग मला तिथे जाऊन बघायचंय. म्हणून यंदा आमचं जमणं पुण्यात करायचं नाही असं ठरलं आहे. रात्रीच्या गाडीने जळगाव गाठायचं, सकाळी असोद्याची वाट चालायची, लौकीवर थांबायचं आणि दुपारी धरणगाव. मोटेची धाव अजून शाबूत आहे का, ते मळ्याच्या मालकांच्या नातवाला फोन करून विचारलंय. तो म्हणाला, थारोळं आहे, धावेवर गवत वाढलंय, तुम्ही येणार असाल तर काढून ठेवतो.