कफ सुटेना म्हणून तिसरी बाटली

मी फार्मासिस्ट आहे, दिवसभर काउंटरवर उभी असते. खोकल्याचं औषध मागायची लोकांची तऱ्हा ठरलेली आहे, "ते मागचं लाल रंगाचं द्या", "जरा स्ट्राँग असेल ते द्या", आत काय आहे हे विचारणारा क्वचितच भेटतो. त्या दिवशी एक तरुण मुलगा वडिलांसाठी "अजून एखादं" कफाचं औषध मागायला आला, मी म्हटलं अजून एखादं म्हणजे? आधी काय चालू आहे? तर म्हणे दोन सिरप चालू आहेत, सर्दीची गोळी चालू आहे, पण छातीतला कफ काही सुटत नाही, उलट जास्तच चिकट झालाय, बाबा दिवसभर पेंगतात, हात थरथरतात आणि छातीत धडधडतं म्हणतात. वय पासष्टच्या पुढे, बीपीची गोळी चालू.

मी म्हटलं, नवीन काही देत नाही, घरात जे जे घेतायत ते सगळं पिशवीत घालून आणा आणि बाबांनाही घेऊन या. वैतागला बिचारा, एका सिरपसाठी एवढं काय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण आला घेऊन.

पिशवीतून दोन बाटल्या, गोळ्यांच्या दोन स्ट्रिप आणि स्वयंपाकघरातला एक चमचा निघाला. चमचा त्यानं आपणहून आणला होता, "बाबा यानंच घेतात" म्हणून, आणि फार बरं केलं.

पहिली बाटली ओल्या खोकल्याचीच होती. टर्ब्युटालीन, ब्रोमहेक्सीन, ग्वायफेनेसिन. ब्रोमहेक्सीन कफ पातळ करतं, ग्वायफेनेसिनमुळे तो सैल होऊन वर यायला मदत होते आणि टर्ब्युटालीन आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करतं. म्हणजे या तिघांचं आपसात जुळतं. फक्त टर्ब्युटालीन जास्त झालं की हात कापतात आणि छाती धडधडते, हे अगदी ठरलेलं. लेबलवर मोठ्यांसाठी 10 मिली लिहिलेलं, काकांनी त्याचे दोन चमचे धरले, हिशोब बरोबर, पण तो 5 मिलीच्या छोट्या चमच्याचा. मी त्यांच्या चमच्यात काठोकाठ पाणी भरलं आणि खुणा असलेल्या मापाच्या टोपणात ओतलं, जवळपास 15 मिली भरलं. म्हणजे काका प्रत्येक वेळी 10 च्या जागी 30 मिली घेत होते. मुलगा त्या टोपणाकडे बघतच राहिला. बाटलीसोबत आलेलं टोपण कुठे गेलं ते घरात कोणालाच माहीत नव्हतं, हे नेहमीचंच.

दुसरी बाटली मागच्या कधीतरीच्या कोरड्या खोकल्याची उरलेली, कपाटात सापडली म्हणून चालू केलेली. तिच्यात डेक्स्ट्रोमेथॉर्फन, क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन. डेक्स्ट्रोमेथॉर्फन मेंदूतूनच खोकल्याची उबळ दाबतं, कोरड्या ढासेला ठीक आहे, पण छातीत कफ भरलेला असताना खोकला हाच तर तो बाहेर काढायचा रस्ता. एक बाटली केर गोळा करून दारापर्यंत आणतेय आणि दुसरी आतून कडी घालतेय असा प्रकार. वर क्लोरफेनिरामाइन, ते स्राव सुकवतं, म्हणून कफ आणखी चिकट आणि माणूस झोपाळलेला. (डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन विचारल्याशिवाय घेऊच नये, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांशी त्याचं भांडण आहे. काकांना तसलं काही चालू नव्हतं.)

आता सर्दीची गोळी बघितली. पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम, परत क्लोरफेनिरामाइन, परत फिनाइलएफ्रिन. आणि कणकण वाटते म्हणून वेगळी पॅरासिटामॉल 650. दोन्ही दिवसातून तीनदा. बेरीज केली तर 3450 मिलिग्रॅम, मोठ्यांसाठी चोवीस तासांची वरची मर्यादा 4 ग्रॅम, म्हणजे 650 ची अजून एक गोळी गेली असती की मर्यादा ओलांडलीच, आणि घरच्यांच्या मते ते "फक्त एक तापाची गोळी" घेत होते. नावं वेगळी, रंग वेगळे, म्हणून औषधंही वेगळी असं लोकांना वाटतं आणि यात त्यांची फार चूक आहे असं मी म्हणणार नाही, पुढे नाव एवढ्या मोठ्या अक्षरात आणि घटक मागे मुंगीच्या पायाएवढे छापले तर दुसरं काय होणार. फिनाइलएफ्रिनचं तर काय बोलावं, 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) सल्लागार समितीनं सांगितलं की तोंडावाटे घेतल्यावर बंद नाकावर त्याचा उपयोग होतो असं दिसत नाही, तरी ते निम्म्या गोळ्यांत असतंच आणि बीपीवाल्यांना जपून घ्या म्हणून सांगायची वेळ आमच्यावर.

तोपर्यंत काका खुर्चीत बसून होते, सारखे बूड सावरत, मांडी बदलत. मला शंका आली. जवळ जाऊन हळू विचारलं, "काका, लघवी नीट होतेय ना?" त्यांनी आधी मुलाकडे बघितलं. मग म्हणाले, काल संध्याकाळपासून थेंब थेंबच होतेय, ओटीपोट दगडासारखं झालंय, पाणी कमी प्यायलो असेन. प्रोस्टेट वाढलंय का विचारलं तर हो, त्याची रात्रीची गोळी चालू आहे, पण खोकल्याशी तिचा काय संबंध म्हणून पिशवीत घातली नव्हती.

संबंध सरळ आहे. क्लोरफेनिरामाइनसारखी औषधं मूत्राशयाचं आकुंचन मंद करतात, फिनाइलएफ्रिन तिथला निघायचा मार्ग आवळू शकतं, आणि प्रोस्टेटनं तो आधीच दाबलेला. वरून दोन्ही घटक दुप्पट, त्यातला एक डोस मोठ्या चमच्यानं. मी मुलाला म्हटलं घरी जाऊ नका, इथूनच थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. एका कागदावर सगळे घटक, किती आणि किती वेळा ते लिहून दिलं, कारण तिथे जाऊन "दोन सिरप आणि एक पिवळी गोळी" सांगितलं तर डॉक्टर तरी काय करणार.

रात्री मुलाचा फोन आला. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घातली, भरपूर लघवी निघाली, काका लगेच शांत झोपले. छाती तपासली, न्यूमोनिया नव्हता. दुसरी बाटली आणि सर्दीची गोळी कायमची बंद, टर्ब्युटालीनवालंही बंद, फक्त ग्वायफेनेसिनचं एकेरी सिरप ठेवलं, पाणी भरपूर प्यायला सांगितलं. तीन आठवड्यांत खोकला गेला नाही, किंवा त्याआधी कफात रक्त, धाप, छातीत दुखणं, चढता ताप असं काही दिसलं तर लगेच परत यायला सांगितलं.

सगळं सांगून झाल्यावर मुलगा म्हणतो कसा, मॅडम, ते ओल्या खोकल्याचं बरंच उरलंय, माझ्या मुलीला पण कफ झालाय, तीन वर्षांची आहे, अर्धा चमचा दिला तर चालेल का?

मी कपाळाला हात लावला. अमेरिकेत अशा सर्दी-खोकल्याच्या औषधांवर चार वर्षांखाली देऊ नका असं छापलेलं असतं, ब्रिटनमध्ये 2009 पासून ही मर्यादा सहा वर्षं आहे, आणि मोठ्यांचा डोस अंदाजानं निम्मा करून लहान मुलांचा डोस होत नाही. एक वर्षाच्या वर आहे तर मध चाटवा म्हटलं, पाणी पाजत राहा, श्वास जोरात चालला किंवा खायचं-प्यायचं सोडलं तर लगेच डॉक्टरांकडे न्या. आणि उरलेल्या बाटल्या सकाळी इकडे आणून द्या म्हटलं. आणल्या त्यानं, तिघांच्या घरातून पाच निघाल्या.