पंखे फिरतायत, स्क्रीन काळाठिक्कर

शेवटी काल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन नव्या कॉम्प्युटरचे पार्ट्स उचलले. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम, ग्राफिक कार्ड भावाचं जुनंच. दुकानदार स्वस्तातला एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा) गळ्यात मारत होता, म्हटलं दादा तिथे कंजुसी नको, तो गेला की बाकीच्यांना पण घेऊन जातो.

आज सकाळी सगळं जोडलं, बटण दाबलं, पंखे गरगर, लाइटींचा लखलखाट आणि स्क्रीन काळाठिक्कर. बोर्डवर डीरॅमचा दिवा पेटलेला, म्हणजे गाडी रॅमपाशी अडकलेली. मग बंद कर, रॅम काढ, दुसऱ्या-चौथ्या स्लॉटमधेच आहे ना बघ, परत दाब, परत बंद, असं चार वेळा, नुसता घामाघूम. आई म्हणे "जुना काय वाईट होता रे?" पाचव्यांदा वैतागून तसाच चालू ठेवला नि चहा प्यायला गेलो, परत येतो तर बायोस, म्हणजे बोर्डचा सेटिंगचा स्क्रीन, समोर!! डीडीआर५ पहिल्यांदा चालू होताना मेमरी ट्रेनिंग करते म्हणे, म्हणजे बोर्ड नि रॅम एकमेकांशी जुळवून घेतात, काही मिनिटं लागतात, आणि मी दरवेळी मधेच तिचा गळा दाबत होतो.

६००० स्पीडची रॅम ४८०० वर चालत होती, म्हणून एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण स्पीडवर चालवायचं सेटिंग) ऑन केलं. परत काळा स्क्रीन. यावेळी हात नाही लावला.

एक स्क्रू उरलाय, कुठला ते विचारू नका.