तुम्ही विचारलंत म्हणून: पावडर ती पावडरच ना?

‘शेवटी पावडर ती पावडरच ना? तिच्या सळ्या करा नाहीतर वड्या पाडा, काय फरक पडतो?’ पीएचडीच्या तोंडी परीक्षेपासून मावसभावाच्या साखरपुड्यापर्यंत हे मला विचारून झालंय. पूर्वी मी ताडकन ‘पडतो!’ म्हणायचे. आता जरा थांबते.

सिरियम नायट्रेट तेच, कॉस्टिक तेच. टेफ्लॉनच्या भांड्यात बंद करून 100 अंशांवर 24 तास ठेवलं की सिरियाच्या (म्हणजे सिरियम ऑक्साइडच्या) नॅनोसळ्या होतात, 180 वर ठेवलं की चौकोनी ठोकळे, म्हणजे घन. नुसत्या डोळ्यांना दोन्ही फिकट पिवळी पिठीच. पण सळ्यांच्या पृष्ठभागावरचा ऑक्सिजन लवकर सुटतो. कार्बन मोनॉक्साइड तो उचलतो, डायऑक्साइड होऊन निघून जातो, रिकामी जागा हवेतला ऑक्सिजन भरतो. गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये सिरिया घालतात ते याच देवघेवीसाठी.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या सळ्यांनी 150 अंशांच्या आतच निम्मा मोनॉक्साइड जाळला. नुसत्या सिरियाला हे झेपत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी तो आलेख मी फोनच्या वॉलपेपरला लावला. (हसू नका.) मग रिअ‍ॅक्टरची क्वार्ट्झची नळी (हिच्यातच पावडर ठेवून वरून मोनॉक्साइड सोडायचा) दुसऱ्या कुणाला हवी होती म्हणून गेली, आणि नव्या नळीत त्याच सळ्या अडीचशेपर्यंत ढिम्म. दोन महिने मी कॉस्टिकला, ओव्हनला, स्वतःच्या हाताला दोष दिला. जुनी नळी परत आली आणि सळ्या पुन्हा धावायला लागल्या! तेव्हा एका ज्युनिअरने सहज विचारलं, ‘ताई, नुसती नळी चालवून पाहिलीस?’

पाहिली. आत फक्त क्वार्ट्झ वूल. वायू मोजणाऱ्या जीसीच्या (गॅस क्रोमॅटोग्राफच्या) पडद्यावर मोनॉक्साइडचं शिखर दर इंजेक्शनला बुटकं होत गेलं, आणि नळीत माझं काहीच नव्हतं. मोनॉक्साइड जाळणारं, आधीच्या कुणाचं तरी प्लॅटिनम काचेला चिकटून राहिलं होतं.

नळीचा इतिहास मला कुणी सांगितला नव्हता, हे खरं. नुसत्या नळीची ब्लँक रन घ्यायला कुणी सांगावं लागत नाही, हेही खरं.

सगळं पुन्हा केलं. सळ्या घनांपेक्षा सरसच निघाल्या, पण त्यांचं क्षेत्रफळही दर ग्रॅममागे कितीतरी जास्त. दर चौरस मीटरमागे मोजलं तर अंतर पार आटलं. मग श्रेय आकाराचं की क्षेत्रफळाचं? शिवाय 800 अंशांवर भाजल्या की सळ्या सळ्या राहतच नाहीत. तेव्हाची मी म्हणाली असती, ‘पृष्ठभागच वेगळा आहे गं!’ असेल. पण धुताना पाण्याचा पीएच 7 आला की मी थांबायचे. सळ्यांवर कॉस्टिकमधलं, पृष्ठभाग बदलू शकणारं सोडियम किती उरलं होतं, ते कधी मोजलंच नाही.